पहिली स्कूटर: वाचकांचे प्रश्न

(मागच्या अंकात पहिल्या दुचाकीबद्दल प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी पाच इथे घेतली आहेत. उत्तरं देणाऱ्या ताई पुण्यात गेली अनेक वर्षं महिलांना दुचाकी शिकवतात.)

प्रश्न: ताई, माझं वय ३६. धायरीला राहते, डेक्कनजवळ एका शाळेत क्लार्क आहे. बसच्या धक्काबुक्कीत जीव जातो, म्हणून गाडी घ्यायचं ठरवलंय. उंची चार फूट अकरा इंच, आणि मला सायकलसुद्धा येत नाही. मिस्टर म्हणतात, घ्यायचीच तर १२५ सीसी घे, पिकअप चांगला असतो आणि घरात सगळ्यांना चालेल. मुलगी म्हणते इलेक्ट्रिक घे. मैत्रीण म्हणते, डोळे झाकून ॲक्टिव्हा घे. कुणाचं ऐकू?

उत्तर: ताई, गाडीवर बसून बघेपर्यंत कुणाचंच ऐकू नका. रोज सकाळी सिंहगड रोडच्या गर्दीत ती गाडी कोण चालवणार आहे? तुम्ही. मग निवडायचीही तुम्हीच. मिस्टरांना शोरूममध्ये जरूर बरोबर न्या, पण सीटवर तुम्ही बसायचं आणि त्यांनी बाजूला उभं राहायचं. माझ्याकडे कितीतरी जणी नवीकोरी गाडी घेऊनच शिकायला येतात, आणि ती घरातल्या पुरुषांच्या उंचीला बसणारी असते. मग शिकताना त्यांचं निम्मं बळ नुसती गाडी सावरण्यात जातं आणि दोष मात्र त्या स्वतःला देतात, की मला जमतच नाही. हे बघून मला फार वाईट वाटतं, म्हणून तुम्हाला जरा सविस्तर सांगते.

रोज ज्या चपला किंवा बूट घालता ते घालूनच शोरूमला जा. शाळेत साडी नेसून जात असाल तर साडीतच जा. गाडी डबल स्टँडवरून खाली घ्यायला सांगा, कारण स्टँडवर चढवलेल्या गाडीवर बसून काहीच कळत नाही. आता बसा, सीटच्या पुढच्या टोकाकडे सरका आणि दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीला लावा. दोन्ही तळवे पूर्ण टेकले तर उत्तम. चवडे नीट टेकून टाच जराशी वर राहिली तरी चालेल. पण नुसती बोटं लागत असतील, तर ती गाडी कितीही आवडली तरी पहिली गाडी म्हणून घेऊ नका.

माहितीपत्रकात सीटची उंची मिलिमीटरमध्ये दिलेली असते. टीव्हीएसची झेस्ट ७६०, होंडाची ॲक्टिव्हा आणि टीव्हीएसची ज्युपिटर ७६५ च्या आसपास, सुझुकीची ॲक्सेस ७७३, यामाहाची फसिनो ७८०. हे आकडे यादी छोटी करायला ठीक आहेत, निर्णय घ्यायला नाहीत. सीट रुंद असली की मांड्या फाकतात आणि तेवढे पाय जमिनीपासून वर राहतात. त्यामुळे कागदावर कमी उंचीची, पण रुंद सीटची गाडी प्रत्यक्षात उंच वाटू शकते. बसल्या बसल्या हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा. वळवलेलं असतानाही ब्रेकच्या दांडीपर्यंत बोटं पोचतायत ना? लहान हात असलेल्या बायकांना ही अडचण हमखास येते आणि शोरूममध्ये ती कुणी दाखवत नाही.

मग खाली उतरा आणि गाडी हाताने ढकला. पुढे नाही, मागे. तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये दोन गाड्यांच्या फटीतून रोज गाडी मागेच ओढायची आहे, तेही बहुधा उतारावर. सेल्समनला सांगा, शोरूमबाहेरच्या रॅम्पवर मला एकदा ओढून बघू द्या. फसिनो ९९ किलोची, झेस्ट १०३ ची, ॲक्टिव्हा-ज्युपिटर १०५ ते ११० च्या दरम्यान, एनटॉर्कसारखी १२५ सीसीची गाडी ११८ किलोच्या घरात. पाच-दहा किलो चालत्या गाडीत जाणवत नाहीत. गाडी एका बाजूला कलली, की मात्र तेच वजन अंगावर येतं.

डबल स्टँडही तिथेच लावून बघा. गाडीच्या डाव्या बाजूला उभं राहा. डावा हात हँडलच्या डाव्या मुठीवर, उजवा हात सीटमागच्या पकडीवर, उजवा पाय स्टँडच्या दांडीवर. गाडी सरळ करा आणि स्टँडचे दोन्ही पाय जमिनीला लागल्याचं पायाला कळू द्या. आता हाताने उचलायचं नाही. उजव्या पायावर सगळं अंग टाकून उभं राहायचं, गाडी आपसूक मागे चढते. हे नीट दाखवलं तर पंचेचाळीस किलोच्या बाईलाही जमतं. दोन-तीनदा करूनही चढत नसेल तर ती गाडी सोडा.

आता १२५ चं. शिकणारी माणसं वेगात फार कमी पडतात. थांबताना, वळताना, गर्दीत मुंगीच्या पावलांनी पुढे सरकताना पडतात. बिनगिअरच्या गाडीत मूठ पिळली की क्लच लगेच धरत नाही. इंजिनाने ठराविक वेग घेतला की तो आपोआप धरतो, आणि गाडी एकदम पुढे ओढली जाते. नवखी बाई त्या ओढीने दचकते, दचकली की मूठ आणखी आवळते, आणि मूठ आवळणं म्हणजे आणखी रेस. ही ओढ ११० सीसीच्या गाडीत थोडी सौम्य असते. मिस्टरांना सांगा, दोघांनी बसून रोज कात्रजचा घाट चढायचा असता तर १२५ चा विचार केला असता. धायरी ते डेक्कन एकटीने जायला ११० ला काहीही कमी पडत नाही.

दोन गोष्टी १२५ सोडूनही बघण्यासारख्या आहेत. पुढचं चाक बारा इंची असेल तर खड्ड्यातून गाडी कमी दचकते. ज्युपिटरची दोन्ही चाकं बारा इंची आहेत, ॲक्टिव्हा आणि ॲक्सेसचं पुढचं बारा आणि मागचं दहा. झेस्टची दोन्ही दहा इंची, त्यामुळे ती हलकी आणि बुटकी असली तरी खराब रस्त्यावर जरा जास्त उडते. दुसरं, साइड स्टँड खाली राहिला तर इंजिन चालू न होण्याची सोय असलेलीच गाडी घ्या. नव्याने शिकणारीच्या डोक्यात इतकं काही असतं, की स्टँड काढायचा राहतोच.

ब्रेकची चिंता करू नका. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या सगळ्या नव्या गाड्यांना एकत्र ब्रेक किंवा एबीएस (चाक अडकू न देणारा ब्रेक) सक्तीचा झाला; अशा स्कूटरना बहुतेक एकत्र ब्रेकच असतो. डावी दांडी दाबली की मागचा ब्रेक लागतो आणि त्याबरोबर पुढचाही थोडा लागतो. शिकताना डावी दांडी मुख्य धरा, उजवी तिच्या जोडीला हळूच. आणि ब्रेक दाबायच्या आधी मूठ सोडायची. सुरुवातीच्या दिवसांत मी दुसरं काहीच शिकवत नाही.

तुमच्या उंचीला मी सांगेन, आधी झेस्टवर बसा, मग ज्युपिटर, मग ॲक्टिव्हा. तिन्हींवर पाय टेकले तर ज्युपिटर घ्या, मोठ्या चाकांसाठी. फक्त झेस्टवर टेकले तर झेस्ट घ्या आणि खड्डे चुकवायला शिका. मैत्रिणीची ॲक्टिव्हा गाडी म्हणून उत्तमच आहे, पुढेमागे विकायची झाली तर भावही चांगला येतो. मुलीच्या इलेक्ट्रिकबद्दल खाली डोंबिवलीच्या ताईंना लिहिलंय, ते वाचा.

सायकल येत नाही म्हणून खचू नका. सुरुवातीला इंजिन चालूच करायचं नाही. मैदानावर किंवा हलक्या उतारावर गाडीवर बसून पायांनी ढकलत जायचं, मग हळूहळू पाय उचलून तोल धरायचा. तोल आला की बाकीचं पटकन येतं. त्याआधी शिकाऊ परवाना काढा. आधार असेल तर त्याची परीक्षा घरूनच देता येते. तो सहा महिने चालतो, आणि तीस दिवसांनंतर पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. शिकाऊ परवान्यावर मागे परवानाधारक शिकवणाऱ्याखेरीज कुणाला बसवायचं नाही, मुलीलाही नाही. रस्त्यावर उतरायचं ते रविवारी सकाळी सहाला, धायरी फाटा ते राजाराम पूल, आणि परत. पुलापलीकडे डेक्कनपर्यंत जाण्याची घाई करू नका. राजाराम पुलापर्यंतचे सिग्नल, वळणं, बसथांबे अंगवळणी पडले की मग दांडेकर पूल.

हेल्मेटसाठी केसांचा क्लचर काढावा लागतो आणि अंबाडा मानेवर खाली घालावा लागतो. तो वर असेल तर हेल्मेट टाळूवर नुसतं तरंगतं. घालून दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे फिरवून बघा, गालाची कातडी बरोबर हलली पाहिजे. आयएसआय चिन्ह बघूनच घ्या आणि हनुवटीचा पट्टा रोज लावा. ओढणी पोटाशी खोचा, पदर कमरेला. मागच्या चाकावरची साडीगार्डची जाळी काढून टाकू नका, कुणी ती "जुनाट दिसते" म्हणालं तरी.

प्रश्न: मुलगी सोळा वर्षांची आहे, साताऱ्यात अकरावीला. क्लास लांब आहे. तिला हलकी मोपेड घेऊन द्यावी म्हणतो. मी स्वतः सोळाव्या वर्षी लूना चालवत होतो. कोणती घेऊ?

उत्तर: दादा, सध्या कोणतीच घेऊ नका. तुमच्या वेळची लूना ५० सीसीची होती. फिरोदियांच्या कायनेटिकने ती १९७२ साली आणली आणि आपल्याकडच्या एका अख्ख्या पिढीला घराबाहेर काढलं. सोळा वर्षांच्या मुलांना आजही कायदा ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्याच गाडीचा परवाना देतो. अडचण अशी, की तशी पेट्रोलवरची गाडी आता शोरूममध्ये मिळत नाही. टीव्हीएसची एक्सएल शंभर सीसीची आहे. २०२४ साली लूना विजेवर परत आली, पण तिलाही नोंदणी आणि परवाना लागतो.

"जवळच तर जायचंय, कोण अडवतंय" असं म्हणून चाव्या देणारे पालक मला रोज भेटतात. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर पालकांना किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. अपघात झाला तर विम्याचं भांडण आणखी वेगळं. तुमची मुलगी पंचविशीपर्यंत कॉलेज संपवून नोकरीला लागलेली असेल, तेव्हा तिच्या हातात परवाना नको?

ताशी पंचवीस किलोमीटरच्या वर न जाणारी आणि २५० वॉटपर्यंतची मोटर असलेली विजेची गाडी नोंदणी आणि परवान्याशिवाय चालते. ती घ्यायचीच असेल तर ही मर्यादा छापील कागदावर बघा. "वेग वाढवून देतो" असं दुकानदार म्हणाला की तिथून निघा, कारण वेग वाढवलेली गाडी कायद्याने त्या सवलतीत बसत नाही. मला विचाराल तर दोन वर्षं सायकल द्या. साताऱ्यात चढ आहेत हे मला माहीत आहे. पण सायकलवर रस्ता वाचायला शिकलेली मुलगी अठराव्या वर्षी माझ्याकडे आली की मला तिला फार थोडं शिकवावं लागतं.

प्रश्न: डोंबिवलीला तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही. घर ते स्टेशन एवढंच जायचं आहे. इलेक्ट्रिक स्कूटर शिकायला सोपी असते म्हणतात, खरं का?

उत्तर: बरंचसं खरं. क्लचची ती ओढ नसते, मूठ पिळाल तेवढीच गाडी जाते, आणि बॅटरी खाली असल्यामुळे बऱ्याच गाड्या स्थिर वाटतात. एथर, आयक्यूब, चेतक यांना मागे जाण्याची सोय आहे. बटण दाबून गाडी पार्किंगमधून हळूहळू मागे घेता येते. अंगात फार ताकद नसलेल्या बाईसाठी हे मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. मात्र शिकताना कमी वेगाच्या मोडवरच ठेवा. आवाज नसल्यामुळे गाडी चालू आहे हेच विसरायला होतं आणि उभ्या-उभ्या मूठ फिरते. थांबलात की बंद करायची सवय पहिल्यापासून लावा.

तुमचा खरा प्रश्न चार्जिंगचा आहे. खाली तुमच्या मीटरवरून लाइन ओढायला सोसायटी लेखी परवानगी देते का, हे गाडी बुक करायच्या आधी विचारा. नाही दिली तर बॅटरी काढून वर नेता येणारी गाडी बघा. हिरोच्या विडामध्ये सुट्या बॅटऱ्या येतात, मॉडेलप्रमाणे एक किंवा दोन. पण एक बॅटरी शोरूममध्ये स्वतःच्या हातात उचलून बघा आणि ती घेऊन तीन जिने चढायचे आहेत हे आठवा. होंडाच्या ॲक्टिव्हा ई मध्येही बॅटरी निघते, पण ती घरी चार्ज होत नाही, त्यांच्या बदलण्याच्या केंद्रावरच जावं लागतं; केंद्र तुमच्या वाटेवर नसेल तर तिचा विचार नको. यातलं काहीच जमत नसेल, तर पेट्रोलची हलकी ११० घ्या. स्टेशनपर्यंत जायला पेट्रोल असं लागतं किती!

प्रश्न: मी लांजा तालुक्यात आशा सेविका आहे. वाड्यावाड्यांवर जावं लागतं. सायकल येते. रस्ते कच्चे, पावसात चिखल. स्कूटर घेऊ की एक्सएल?

उत्तर: एक्सएल १००, ताई. शहरात तिला कुणी मान देत नाही, पण तुमच्या रस्त्यांसाठी ती मला सगळ्यांत योग्य वाटते. वजन नव्वद किलोच्या आत, गिअर नाहीत आणि चाकं सोळा इंची. स्कूटरचं दहा-बारा इंची चाक ज्या खड्ड्यात अडकतं, त्यावरून सोळा इंची चाक निघून जातं. सेल्फ आहे आणि किकही आहे. आडवाटेला बॅटरी बसली तर किक मारता येणं केवढं मोठं आहे, ते तुम्हाला मी सांगायला नको. मागची सीट काढून औषधांची पेटी, रजिस्टरं बांधता येतात. डिकी नाही, म्हणून पावसाळ्यात कागदांना प्लास्टिकची पिशवी लागेल.

ओल्या जांभ्यावर आणि शेवाळलेल्या उतारावर पुढचा ब्रेक एकट्याने दाबू नका. उतार सुरू व्हायच्या आधीच वेग कमी करा आणि दोन्ही ब्रेक हलके धरून सरळ रेषेत उतरा. वळण उतारावरच आलं तर वळणाआधी जवळजवळ थांबा. दोन्ही चाकांची हवा दर आठवड्याला तपासा. डोंबिवली-पुण्याला पंक्चरवाला कोपऱ्यावर असतो, तुमच्याकडे नसतो, तेव्हा तुमच्या गाडीला ट्यूब आहे की ट्यूबलेस हे घेतानाच विचारून ठेवा आणि ट्यूब असेल तर एक जादा ट्यूब पेटीत असू द्या.

प्रश्न: शिकण्यापुरती जुनी गाडी घ्यावी आणि मग नवी, असं सगळे सांगतात. जुनी घेताना काय बघू? (कोथरूड)

उत्तर: सल्ला चांगला आहे. शिकताना गाडीला ओरखडे पडणारच, आणि नव्या गाडीवर पहिला ओरखडा पडला की कित्येक जणी शिकणंच थांबवतात. पण २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या पेट्रोलच्या नव्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे, त्यामुळे जुन्या गाडीचा भाव करताना नव्याची आजची किंमत आधी काढा. विकणारे बऱ्याचदा जुन्याच हिशेबाने भाव सांगतात.

एप्रिल २०२० नंतरची, म्हणजे बीएस ६ ची (धुराच्या नव्या नियमांत बसणारी) गाडी बघा. सकाळी, इंजिन गार असताना जा. आधीच तापवून ठेवलेली गाडी कशीही सुरू होते. डबल स्टँडवर लावून पुढचं चाक उचला आणि हँडल हळू फिरवा, मध्येच अडकल्यासारखं वाटलं तर गाडी कुठेतरी आदळलेली आहे किंवा बेअरिंग गेलंय. वीस-पंचवीस हजार किलोमीटर झाले असतील तर इंजिनाची ताकद मागच्या चाकाकडे नेणारा बेल्ट बदलला का विचारा, बिल मागा. नसेल बदलला तर तेवढे पैसे भावातून वजा करा. टायर पूर्ण झिजलेले असतील तर तेही.

मग कागद. आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) विकणाऱ्याच्याच नावावर आहे का, विमा आणि पीयूसी चालू आहे का, नंबर टाकून ऑनलाइन थकलेली चलनं किती आहेत. कर्जावर घेतलेली असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि कर्जाची नोंद काढण्याचा फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पैसे देऊ नका. नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याच्या सह्या घ्या, आणि नाव लगेच बदलून घ्या. "नंतर करू" म्हणत राहिलं आणि मधल्या काळात काही घडलं तर तुमच्याबरोबर विकणाराही अडकतो. गाडी एप्रिल २०१९ च्या आधीची असेल तर हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसवली आहे का बघा. नसेल तर तो खर्च विकणाऱ्याकडून करून घ्या, आणि प्लेट बसल्यावरच गाडी ताब्यात घ्या.